६० पौंडांचं धनुष्य इतक्यात नको: नवशिक्याने काय घ्यावं आणि बाण डावीकडे का जातात

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २४, उजव्या हाताने ओढणारा, दोन्ही हात पसरल्यावर बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत १७२ सेंटीमीटर. परदेशात धनुष्याने शिकार करणाऱ्यांचे व्हिडिओ बघून ६० पौंडांचा, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारा, कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) मागवायचं मनात आहे. तोवर सहा फुटी मित्राचा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, चाकं नसलेलं धनुष्य) घेऊन कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलजवळच्या शेतात सराव चाललाय. त्याच्या लिम्बवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर, ३४ (पौंड) लिहिलंय. २० मीटरवर बाण डावीकडे जातात, विखुरतात, आणि डाव्या हातावर स्ट्रिंग (धनुष्याची दोरी) लागून वळ उठतात.

शिकारीचा विषय आधीच मिटवू. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ नुसार आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत नुसता प्रयत्नही शिकारच धरला जातो. बाण चुकला म्हणून सुटका होत नाही. दाजीपूरच्या जंगलातला गवा तर पहिल्या, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षणाच्या, अनुसूचीतला. उसात घुसणाऱ्या रानडुकरांचं नुकसान खरं आहे, पण त्यावर काय करायचं ते वन खात्याच्या लेखी आदेशानेच ठरतं. त्यामुळे बाणाच्या टोकाला लावायचे रुंद पात्याचे ब्रॉडहेड मागवू नका. ते फक्त टार्गेट फाडतात. लागतील ते साधे टार्गेट पॉइंट.

त्या व्हिडिओंमधून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. जिथे ही शिकार कायदेशीर आहे, तिथले जाणते लोक बाणांचा गट किती छान बसला ते बघत नाहीत. सकाळी अंग गरम नसताना सोडलेला पहिला बाण कुठे लागला, ते बघतात. त्यांचं माप म्हणजे जेवणाच्या ताटलीएवढं, साधारण २० सेंटीमीटरचं वर्तुळ. ज्या अंतरावर पहिला बाण दर वेळी त्या वर्तुळात पडत नाही, ते अंतर आपलं नाही. ही शिस्त टार्गेटवरही तशीच लागू पडते.

आता ६० पौंड. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमांत कंपाउंडसाठी कमाल मर्यादाच ६० पौंडांची आहे. म्हणजे तुम्ही सुरुवात छतापासून करायला निघालाय. दुकानात हा बो हलका का वाटतो, तेही सांगतो. कंपाउंडमध्ये कॅम (टोकाचं चाक) फिरला की वजन सुटतं. ८० टक्के सूट असलेल्या ६० पौंडी बोला पूर्ण ओढल्यावर हातात राहतात जेमतेम १२ पौंड. पण तिथे पोचायला मधला ६० पौंडांचा चढ दर बाणाला चढावा लागतो. तालमीत कमावलेला गडीसुद्धा पहिले दहा बाण ऐटीत ओढतो आणि पंधराव्याला धनुष्य आभाळाकडे करून हिसका देतो. ओढण्याचे स्नायू म्हणजे पाठीत, खांद्याच्या फऱ्यांमधले, आणि जोर-बैठकांनी ते नेमके त्या कामाला तयार होत नाहीत.

वजन झेपतंय का, हे बघायची सोपी रीत आहे. खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीवरून वर उचला आणि धनुष्य समोर आडव्या रेषेत धरून ओढा. खांदा कानाकडे गेला, कंबर मागे झुकली किंवा धनुष्य वर करावं लागलं, तर वजन जास्त आहे. रिकर्व्हसाठी आणखी एक कसोटी: पूर्ण ओढून १५ सेकंद धरा, सावकाश परत आणा, एक मिनिट थांबा, असं तीनदा. तिसऱ्या वेळी हात लटपटला तर चार पौंड खाली या. ओढलेली स्ट्रिंग बाणाशिवाय सोडायची नाही, कधीच नाही. राही सरनोबत आणि स्वप्निल कुसाळेंच्या या जिल्ह्यात नेमबाजी बघितलेली मुलं भरपूर आहेत, आणि रायफल-पिस्तुलात रिकामा ट्रिगर दाबायचा सराव रोजचाच असतो. तीच सवय धनुष्यावर आणली की घात होतो. बाणात जायची ताकद परत लिम्बमध्ये जाते, लिम्ब चिरतो, कंपाउंडची केबल निखळते. मित्राला बो दाखवायला दिलात तर पहिलं वाक्य हेच सांगा.

वजनाच्याही आधी माप. हातांचा पसारा इंचांत घ्या आणि अडीचने भागा. १७२ सेंटीमीटर म्हणजे ६७.७ इंच, भागून आले साधारण २७. ही तुमची ड्रॉ लेंग्थ, म्हणजे ओढीची लांबी, अंदाजे. पक्की मोजायची तर अगदी हलक्या बोवर लांब बाण लावून पूर्ण ओढा आणि बाण ग्रिपच्या (धनुष्याच्या मुठीच्या) सर्वांत खोल भागासमोर येतो तिथे दुसऱ्याला खूण करायला सांगा. बाणाच्या मागच्या टोकाच्या, म्हणजे नॉकच्या, खाचेपासून त्या खुणेपर्यंतच्या अंतरात पावणेदोन इंच मिळवले की झाली. रिकर्व्हच्या लिम्बवर लिहिलेलं वजन २८ इंचांना असतं आणि दर इंचाला साधारण दोन पौंडांचा फरक पडतो. म्हणजे मित्राचा ३४ चा बो तुमच्या हातात ३२ चा होतो, आणि त्याच्या २९ इंचांना ३६ चा. हा चार पौंडांचा फरक लक्षात ठेवा, डावीकडे जाणाऱ्या बाणांपाशी परत लागणार आहे.

कंपाउंडमध्ये ड्रॉ लेंग्थ चुकली तर पुढचं सगळं चुकतं, कारण तिथे कॅम भिंतीसारखा थांबवतो. नवशिके जवळजवळ नेहमी लांब माप घेतात. लक्षणं ठरलेली: डोकं मागे, कंबरेला बाक, पुढचा हात कुलूप लावल्यासारखा ताठ, आणि अँकर (ओढणारा हात चेहऱ्यावर टेकतो ती जागा) कानामागे गेलेला. शंका असेल तर अर्धा इंच आखूडच घ्या.

आणखी एक तपासणी, दोन मिनिटांची. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटा त्रिकोण करा, त्यातून दूरची एखादी वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. जो उघडा असताना वस्तू त्रिकोणातच राहते, तो डोळा बलवान. उजव्या हाताने ओढताय आणि डोळा डावा निघाला, तर एकतर डावखुरा बो घ्या किंवा डाव्या डोळ्यावर पट्टी लावा. हे न बघता लोक महिनोन्महिने साईट (नेम धरायचं साधन) सरकवत बसतात.

मग घ्यायचं काय? माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष रिकर्व्ह. २५ इंची रायझर (मधला मुठीचा भाग) आणि सुटे होणारे लिम्ब, तुमच्या मापाला मध्यम लिम्ब लावून ६८ इंची किंवा आखूड लावून ६६ इंची बो. लिम्बवर २४ लिहिलेलं असू दे, तुमच्या ओढीला ते २२ भरेल. हसू नका, २० मीटरसाठी तेवढं पुरतं. तीन-चार महिन्यांनी २८, मग ३२. रायझर एकदाच घ्यायचा, लिम्ब बदलत जायचे. म्हणून रायझर-लिम्बची जोडणी सर्वत्र चालणाऱ्या प्रमाणित पद्धतीचीच घ्या. स्वतःचीच वेगळी खाच असलेला स्वस्त बो घेतला की पुढचे लिम्ब मिळत नाहीत. फारच कमी पैशांत सुरुवात करायची तर इंडियन राउंड या देशी स्पर्धाप्रकाराचं बांबूचं धनुष्य आहेच. त्यावर शिकलेला हात वाया जात नाही.

कंपाउंडच हवा असेल तर तोही घ्या. तो फक्त शिकाऱ्यांचा, असं काही नाही. शेजारच्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला १७ व्या वर्षी कंपाउंडमध्ये जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५० पैकी १५० मारले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही आहे. फक्त कमाल ६० पर्यंत जाणारा, पण ४० वर उतरवता येणारा बो घ्या. वजन उतरवताना वरचा आणि खालचा लिम्ब बोल्ट सारखेच वेढे सैल करायचे. एक पूर्ण वेढा म्हणजे साधारण दोन-तीन पौंड. कंपनीने सांगितलेल्या वेढ्यांपुढे गेलात तर लिम्ब खोबणीतून निघेल. स्ट्रिंग बदलणं, पीप (स्ट्रिंगमधलं नेमाचं छिद्र) बसवणं ही कामं बो प्रेसशिवाय (लिम्ब दाबून धरणाऱ्या यंत्राशिवाय) होत नाहीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात टार्गेटचा स्टँड हवा तसा वेल्डिंग करून मिळेल, पण बो प्रेसच्या जागी बाकावरचा व्हाइस वापरू नका.

पैसे कमी पडत असतील तर साईट साधी घ्या, स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा) नंतर घ्या, पण बाणांवर काटकसर करू नका. धनुष्य दर वेळी तेच असतं, बाण मात्र बारा असतात. त्यांच्यात फरक असला तर तुमचा नेम कितीही चांगला असो, टार्गेटवर तो दिसणार नाही. बाणाचा मुख्य आकडा म्हणजे स्पाइन, शाफ्टचा (बाणाच्या दांडीचा) कडकपणा. २८ इंचांवर टेकवलेल्या शाफ्टच्या मध्यावर १.९४ पौंडांचं वजन टांगल्यावर तो किती लवतो, ते हजारांश इंचांत सांगतात. ५०० म्हणजे अर्धा इंच लवला. आकडा मोठा तितका बाण मऊ. २४-२६ पौंडांच्या आणि २७-२८ इंची ओढीच्या रिकर्व्हला ९०० ते १००० च्या आसपास, ४०-४५ पौंडांच्या कंपाउंडला ५०० ते ६०० च्या आसपास. नेमका आकडा त्या शाफ्टच्या कंपनीच्या तक्त्यातूनच काढा, कारण लांबी आणि पॉइंटचं वजन बदललं की तोही बदलतो. कंपाउंडमध्ये फार मऊ किंवा फार हलका बाण नुसता चुकत नाही, फुटूही शकतो. दर पौंडाला निदान ५ ग्रेन (वजनाचं छोटं एकक) एवढं बाणाचं एकूण वजन हवंच, म्हणजे ४० पौंडांना २०० ग्रेन. नवशिक्याने बाण रेस्टच्या (बाण टेकतो त्या आधाराच्या) पुढे दीड-दोन इंच राहील असा कापून घ्यावा. पुढे ओढ वाढते, तेव्हा आखूड बाण मागे सरकून हातात घुसायचा धोका असतो.

बारा बाण घ्या, सहा वापरा आणि प्रत्येकावर आकडा लिहा. चार क्रमांकाचा बाण रोज एकटाच बाहेर जात असेल, तर दोष तुमचा नाही, त्या बाणाचा. नॉक बदलून बघा, पीस उचकटलंय का बघा. कार्बनचा बाण तर दर फेरीला दोन्ही हातांनी किंचित वाकवून, कानाजवळ धरून ऐका. करकर आली की मोडून टाका. चिरलेला कार्बन सुटताना फुटला की कुसळं थेट मनगटात शिरतात.

बाकी फिंगर टॅब (बोटांची ढाल), आर्मगार्ड (हाताची ढाल), बोटात अडकवायची स्लिंग (धनुष्य धरून ठेवणारा पट्टा), बो स्क्वेअर (काटकोनी मापपट्टी) आणि मेणाची कांडी. एवढं पुरे.

आता तुमचे डावीकडचे बाण. आधी एकच बघा: सहा बाण मुठीएवढ्या जागेत एकत्र डावीकडे आहेत, की पसरून डावीकडे आहेत? एकत्र असतील तर दोष साहित्यात. पसरलेले असतील तर दोष शरीरात. तुमच्या वर्णनावरून दोन्ही थोडं थोडं दिसतंय.

साहित्यातला भाग बहुधा असा: ते बाण मित्राच्या ३६ पौंडांना बेतलेले, तुम्ही त्यांना ३२ नेच ढकलताय. तेवढ्या कमी जोराने शाफ्ट पुरेसा लवत नाही, म्हणजे तुमच्यासाठी तो कडक ठरतो, आणि उजव्या हाताच्या रिकर्व्हवाल्याचा कडक बाण डावीकडे जातो. खात्री करायची तर एका बाणाची पिसं काढा. १८ मीटरवरून तीन पिसांचे आणि एक बिनपिसांचा असे सोडा. बिनपिसांचा बाण गटाच्या बराच डावीकडे पडला तर शाफ्ट कडक, उजवीकडे पडला तर मऊ. पण ही परीक्षा गट निदान ताटलीएवढा यायला लागल्यावरच. त्याआधी तिचा निकाल म्हणजे छापा-काटा.

शरीरातला भाग तीन ठिकाणी शोधा.

पहिलं, डाव्या हाताची पकड. ग्रिप मुठीत आवळायची नाही. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा आहे, त्यावर धनुष्याचा दाब घ्या. बोटांच्या पेरांची रेष उभ्या धनुष्याशी ४५ अंशांत तिरकी यायला हवी. तळहात पूर्ण आत गेला की सोडताना धनुष्य पिळलं जातं आणि बाण डावीकडे. स्लिंग त्यासाठीच असते. धनुष्य पडेल ही भीती गेली की मूठ आपोआप सैल होते.

दुसरं, हातावरचे वळ. दाराच्या चौकटीवर डावा तळवा टेका, हात सरळ करा. कोपराची आतली घडी आभाळाकडे बघत असेल. आता तळवा तिथेच ठेवून फक्त कोपर फिरवा, घडी उभी होईपर्यंत. स्ट्रिंगच्या वाटेतून हात इंचभर बाहेर गेलेला दिसेल. हीच स्थिती धनुष्य धरून हवी. रोज वीसदा चौकटीवर करा, आठवड्यात अंगवळणी पडतं. तरीही लागत असेल तर ब्रेस हाइट मोजा. ६८ इंची बोला ग्रिपच्या खोल भागापासून स्ट्रिंगपर्यंत साधारण साडेआठ ते नऊ इंच हवेत. कमी भरले तर स्ट्रिंग उतरवून आणखी पीळ द्या.

तिसरं, सोडणं. तीन बोटं, एक नॉकच्या वर, दोन खाली, स्ट्रिंग पहिल्या पेराच्या घडीत. हनुवटीखाली हात घट्ट, स्ट्रिंग नाकाला आणि हनुवटीला लागलेली, दर वेळी त्याच जागी. सोडताना बोटं उघडायची नसतात. पाठ ओढत राहते, बोटांतला जीव जातो, आणि हात मानेवरून मागे सरकतो. सोडल्यानंतर हात चेहऱ्यापासून बाहेर फेकला गेला, म्हणजे तुम्ही सतारीची तार छेडल्यासारखी स्ट्रिंग छेडली. तोही बाण डावीकडेच. बाण रेस्टवरून पडत असेल तर नॉक बोटांत चिमटताय, वरच्या बोटात आणि नॉकमध्ये थोडी फट ठेवा.

वर-खाली पसरणाऱ्या बाणांची कारणं वेगळी असतात. अँकर बदलतो, बाण कुठे लागला हे बघायच्या घाईत डावा हात पडतो, किंवा स्ट्रिंगवरचा नॉकिंग पॉइंट (नॉक बसवायची जागा) सरकलेला असतो. तो रेस्टच्या काटकोनापेक्षा पाव इंच वर ठेवून सुरुवात करा.

हे तिन्ही दुरुस्त करायचं ते टार्गेटच्या कागदावर नाही. तीन मीटरवरून, कागद न लावलेल्या पोत्यावर, नेम न धरता. पहिले दोन आठवडे रोजचे निम्मे बाण असेच जाऊ देत. कंटाळा येतो खरा, पण नेम दिसला की मन रिंगणात जातं आणि हाताकडे लक्ष राहत नाही. रोज ६० बाण, आठवड्यातून चार दिवस, सहा-सहाच्या फेऱ्या. थकून सोडलेले शंभर बाण चुकीचीच सवय पक्की करतात. रोजचा पहिला बाण मात्र २० मीटरवरून, ताटलीएवढ्या वर्तुळावर, आणि त्याची वहीत नोंद.

गट जमला की मग साईटला हात लावा. बाण जिकडे, पिन तिकडे. गट डावीकडे असेल तर पिन डावीकडे, खाली असेल तर खाली. किती, याचाही हिशेब आहे. डोळ्यापासून पिनपर्यंत ९० सेंटीमीटर धरले, तर २० मीटरवर पिन एक मिलिमीटर हलवल्याने बाण साधारण सव्वादोन सेंटीमीटर सरकतो. एका बाणावरून पिन हलवू नका, तीन फेऱ्यांचा मध्य धरा.

शेतातल्या जागेबद्दल. टार्गेटच्या मागे उभा ऊस आहे म्हणून जागा सुरक्षित, ही समजूत घातक आहे. उसात भांगलणारी माणसं बाहेरून दिसत नाहीत आणि चुकलेला बाण पाल्यातून आरपार जातो. वर धरून सुटलेला कंपाउंडचा बाण दोनशे मीटरच्याही पुढे जातो. मागे डोक्यापेक्षा उंच मातीचा ढीग किंवा विहिरीच्या खोदकामाचा उंचवटा हवा. घराची गच्ची तर नकोच. टार्गेटसाठी इचलकरंजीकडच्या मागांच्या चिंध्या मिळवा, बटणं-चेन काढून गोणपाटात ठेचून भरा आणि ती गोण दुसऱ्या गोणीत घाला. अंगठा दाबला तर रुतू नये इतकी घट्ट. पाचट भरू नका, दोन पावसांत कुजून बसतं.

जूनपासून चार महिने आपल्याकडे पाऊस ठाण मांडून असतो, म्हणून खऱ्या पिसांऐवजी प्लास्टिकची पिसं लावा. भिजलेलं पीस आडवं होतं आणि बाण डगमगतो. स्ट्रिंगला आठवड्यातून एकदा मेण चोळा. रिकर्व्ह सराव संपला की उतरवून ठेवा, आणि एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत कुठलाच बो ठेवू नका, लिम्बच्या थरांमधला गोंद सुटतो. ओल्या पोत्यात रुतलेला बाण हिसडायचा नाही. मागे कोणी उभं नाही ना बघा, एक तळवा पोत्यावर टेका, दुसऱ्या हाताने शाफ्ट अगदी पोत्याजवळ धरा आणि फिरवत, ज्या रेषेत गेला त्याच रेषेत बाहेर काढा.